लाखेचं पॉलिश घरच्या घरी: चपडी थोडी भिजवा, पातळ भिजवा

पॉलिश करून तीन आठवडे झाले होते. डेस्कवरची वही उचलली, तर तिच्या पुठ्ठ्याचा निळा कागद डेस्कलाच चिकटून राहिला. आजोबांचं सागवानी उतरतं डेस्क, दुकानातून आणलेला तयार लाखपॉलिशचा डबा, ब्रशने दिलेले दोन जाड हात, आणि त्याचं हे फळ. डबा कधी भरला होता ते त्यावर कुठेच छापलेलं नव्हतं, आणि ते विचारायचं असतं हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

चूक नंतर कळली. लाख स्पिरिटमध्ये विरघळली की त्या दिवसापासून ती म्हातारी होऊ लागते. तिच्यातली आम्लं अल्कोहोलशी हळूहळू जोडली जाऊन एस्टर नावाचे पदार्थ तयार होतात, आणि जसजसे ते वाढतात तसतसा थर वाळायला जास्त वेळ घेतो. एका टप्प्यानंतर तो वाळतच नाही. चमक येते, वास जातो, बोट लावलं तर कोरडंही वाटतं, पण वही ठेवली की कागद धरतो. कोरडी चपडी, म्हणजे लाखेच्या पातळ पत्र्याचे सुटे तुकडे, मात्र गार आणि कोरड्या जागी बराच काळ टिकते. म्हणून माझा आताचा नेम असा: तयार डबा घ्यायचा नाही. चपडी आणायची, लागेल तेवढीच भिजवायची आणि वाटतं त्याहून पातळ ठेवायची. लाखेच्या कामात बिघडतं ते बहुतेक वेळा मिश्रण शिळं किंवा जाड असल्यामुळे.

चपडी कोणती घ्यावी

केरिया लॅका नावाचा बारीक किडा पळस, बोर, कुसुंब अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर बसतो, रस शोषतो आणि अंगाभोवती राळेसारखं कवच तयार करतो. ती लाख. फांद्यांवरून खरवडून काढली की काडी लाख, कुटून-धुऊन लाल रंग काढला की दाणा लाख, आणि वितळवून, गाळून, पातळ पत्रा करून मोडली की चपडी. हिंदी मुलखात तिलाच चपडा म्हणतात. जुनी पद्धत बघण्यासारखी होती. दाणा लाख कापडाच्या लांबलचक पिशवीत भरायची, पिशवी कोळशाच्या भट्टीसमोर धरून पिळायची, कापडातून झिरपलेली लाख पसरायची आणि गरम असतानाच कारागिराने ती हातापायांनी आणि दातांनी ताणून चादरीएवढी करायची. झारखंड, छत्तीसगड, मध्य प्रदेश, बंगालचा पुरुलिया हा लाखेचा मुख्य पट्टा. आपल्याकडे गोंदियातही लाखेचे कारखाने होते. रांचीला 1924 साली लाखेवर संशोधन करणारी संस्था निघाली, कारण तेव्हा ग्रामोफोनच्या तबकड्यासुद्धा लाखेच्या असत आणि जगाला ती हवी होती.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. लाख काढताना किडे मरतात. जैन घरातलं किंवा कटाक्षाने अहिंसा पाळणाऱ्या घरातलं सामान असेल तर विचारून मगच हे पॉलिश लावा.

दुकानात तीन-चार रंग मिळतात. नारिंगी आणि लिंबू रंगाची चपडी सागावर सुरेख दिसते, उबदार मधाळ छटा येते. गार्नेट म्हणजे गडद तपकिरी-लाल. ती शिसवीला किंवा काळवंडलेल्या जुन्या सागाला शोभते. फिकट, ब्लाँड म्हणून मिळणारी चपडी हळदू, पाइन अशा उजळ लाकडांसाठी. पूर्ण पांढरी केलेली लाखही मिळते, पण ती ब्लीच केलेली असल्याने कोरडी असतानाही लवकर खराब होते. जुना साठा असेल तर ती स्पिरिटमध्ये विरघळतच नाही, नुसती फुगते. पहिल्या कामाला नारिंगी घ्या. स्वस्त असते आणि सागावरचे बारीकसारीक डाग पोटात घेते.

चपडीत नैसर्गिक मेण असतं, साधारण तीन ते पाच टक्के. मेण काढलेली चपडी वेगळी मिळते, ती महाग. दोन्ही चालतात, पण लाखेवर पुढे पॉलियुरेथेन किंवा दुसरं काही चढवायचं असेल तर बिनमेणाचीच हवी. मेणावर ते नीट धरत नाही आणि पुढे पापुद्रे सुटतात.

चपडी हातात घेऊन बघा. पाकळ्या कडक, ठिसूळ, एकमेकांपासून सुट्या असाव्यात. एकमेकींना चिकटून गठ्ठा झाला असेल तर ती उन्हात किंवा गरम गोदामात पडून राहिली आहे. बोटाला चिकट लागत असेल आणि पाइनच्या राळेचा वास येत असेल तर भेसळ समजा. लाखेत राळ मिसळणं हा फार जुना धंदा आहे. घरी आणल्यावर घट्ट झाकणाच्या बरणीत भरून गार जागी ठेवा. गॅसजवळच्या फडताळात ठेवलेली माझी पाव किलो चपडी एका मे महिन्यात ढेप होऊन बसली होती.

आणखी एक गोंधळ दुकानातच होतो. ‘लाखेचं’ म्हटलं की दुकानदार ‘लॅकर’ ऐकतो आणि एनसी लॅकर आणि थिनर काढून ठेवतो. ते नायट्रोसेल्युलोजचं, वेगळंच रसायन. चपडीला थिनर चालत नाही.

स्पिरिट

लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, पाण्यात नाही. तेव्हा स्पिरिटात पाणी जितकं कमी तितकं बरं. पॉलिशवाले वापरतात ते डिनेचर्ड स्पिरिट, म्हणजे पिण्यालायक न ठेवलेलं इथेनॉल. त्याच्या विक्रीवर राज्य उत्पादन शुल्क खात्याचं नियंत्रण असतं, म्हणून ते प्रत्येक रंगाच्या दुकानात दिसत नाही. पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीसारख्या हार्डवेअरच्या बाजारात चौकशी करावी. ते मिळालं नाही तर 99 टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं. चपडी त्यात जरा सावकाश विरघळते आणि थरही सावकाश वाळतो, जे नवशिक्याला उलट सोयीचंच. हात धुण्याचं सॅनिटायझर मात्र नको. त्यात पाणी असतं आणि वर ग्लिसरीनही.

मिथेनॉल असलेलं, लेबल नसलेलं, सुट्या बाटलीत ओतून दिलेलं स्पिरिट घेऊ नका. मिथेनॉल त्वचेतून आणि श्वासातून शरीरात जातं आणि डोळ्यांवर घाला घालतं. साध्या स्पिरिटचंही काम खिडक्या उघड्या ठेवून, रबरी हातमोजे घालूनच करायचं. आणि आग: स्पिरिटची वाफ साध्या खोलीच्या तापमानालाही पेटते आणि तिची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही. देवघरात नंदादीप तेवत असेल तर काम दुसऱ्या खोलीत करा. गॅस, उदबत्ती, विडी, ठिणगी उडवणारं यंत्र, काहीही जवळ नको.

प्रमाण

इंग्रजी पुस्तकांत ‘एक पौंडी’, ‘दोन पौंडी’ असं प्रमाण असतं. ते अमेरिकन गॅलनमागे पौंडाचं माप आहे. आपल्या हिशेबाने एक पौंडी म्हणजे एक लिटर स्पिरिटात 120 ग्रॅम चपडी, दोन पौंडी म्हणजे 240. मी ते आणखी सोपं करून ठेवलंय: 200 मिली स्पिरिटात 50 ग्रॅम म्हणजे जाड मिश्रण, 200 मिलीत 25 ग्रॅम म्हणजे पातळ. दोन-चार ग्रॅम इकडे-तिकडे झाल्याने काही बिघडत नाही.

मिली मोजायला भांडं नसेल आणि काटाच वापरणार असाल तर लक्षात ठेवा, स्पिरिट पाण्यापेक्षा हलकं असतं. 200 मिली स्पिरिटचं वजन 160 ग्रॅमच्या आसपास भरतं. 200 ग्रॅम तोलून घेतलंत तर मिश्रण आपोआप पातळ होईल. म्हणजे चूक झालीच तर चांगल्या बाजूने होईल.

मी जाड मिश्रण भिजवून ठेवतो आणि लागेल तसं पातळ करतो. 50 ग्रॅम चपडी विरघळल्यावर 200 मिलीचं मिश्रण 240च्या आसपास होतं. त्यात आणखी 200 मिली स्पिरिट घातलं की ते पातळ प्रमाणाला येतं. म्हणजे जवळपास निम्मं-निम्मं, स्पिरिट किंचित कमी. दोन फूट रुंदीच्या आमच्या डेस्कला बाहेरून सगळीकडे, सगळे हात मिळून, पातळ मिश्रण 300 मिलीच्या आसपास लागलं. पहिल्यांदा करताय तर यापेक्षा जास्त भिजवू नका. उरलेलं टाकवत नाही, आणि शिळं वापरलं की पुन्हा निळा कागद!

भिजत घालणं

काचेची रुंद तोंडाची बरणी घ्या. लोणच्याची चालेल, पण वास गेलेली आणि पूर्ण कोरडी. झाकण पत्र्याचं असेल तर आत प्लास्टिकचा कागद लावा. लाख आम्लधर्मी असते, लोखंडाशी तिचा संबंध आला की मिश्रण काळपट होतं. लोखंडी डब्यात भिजवू नका, गंजक्या चमच्याने ढवळू नका.

आधी स्पिरिट ओता, मग चपडी थोडी थोडी टाकत बरणी फिरवत राहा. उलट केलंत, म्हणजे चपडीवर स्पिरिट ओतलंत, तर तळाशी चिकट गोळा बसतो आणि तो सुटायला दुप्पट वेळ घेतो. पहिल्या अर्ध्या तासात चार-पाच वेळा हलवा, मग आठवण येईल तेव्हा. रात्री भिजत घातली तर सकाळपर्यंत बरीचशी विरघळलेली असते. थंडीत पूर्ण दिवस लागतो.

घाई असेल तर चपडी आधी भरड करून घ्या. खलबत्त्यात कुटता येते. मिक्सरमध्येही होते, पण दोन-दोन सेकंदांचे झटके द्या. सलग फिरवलंत तर पात्याच्या उष्णतेने लाख मऊ होते आणि भांड्याला सारवल्यासारखी बसते. हे भांडं परत चटणीसाठी मिळणार नाही, तेव्हा घरात विचारून घ्या. मी विचारलं नव्हतं. बरणी कोमट पाण्यात ठेवली तरी काम लवकर होतं. पाणी हाताला सोसेल इतपतच गरम, झाकण किंचित सैल, आणि पाणी गॅसवरून उतरवून लांब आणलेलं. बरणी गॅसवर ठेवण्याचा विचारही नको.

विरघळल्यावर मिश्रण गाळा. चपडीत काड्या, वाळू, किड्यांचे अवशेष असतात आणि ते पॉलिशमध्ये खड्यासारखे दिसतात. जुन्या मलमलीची दुहेरी घडी पुरते. बारीक काम असेल तर कॉफीच्या गाळणकागदातून. मेण असलेली चपडी दोन-चार दिवस न हलवता ठेवली तर मेणाचा ढगाळ थर खाली बसतो आणि वर मधासारखा स्वच्छ द्रव राहतो. तो अलगद ओतून घेतला की घरच्या घरी बिनमेणाची लाख. मात्र त्यासाठी पातळ मिश्रण हवं, जाडात मेण लवकर बसत नाही.

बरणीवर चिठ्ठी लावा: चपडीचा रंग, प्रमाण, तारीख. तारखेशिवाय बाकी दोन्ही नाही लिहिलंत तरी चालेल.

सहा महिन्यांहून जुनं मिश्रण असेल तर काचेवर एक थेंब पसरवा आणि रात्रभर ठेवा. सकाळी नखाने खरवडल्यावर भुकटी निघाली तर ठीक. नख रुतलं किंवा बोटाचा ठसा उमटला तर ते मिश्रण वापरू नका. गटारात ओतू नका, उघड्यावर पसरट भांड्यात स्पिरिट उडू द्या आणि उरलेला पापुद्रा कचऱ्यात टाका.

लाकडाची तयारी

जुन्या वस्तूवर आधी काय लावलंय ते बघा. कोपऱ्यात, न दिसणाऱ्या जागी, स्पिरिटचा बोळा मिनिटभर टेकवा. पृष्ठभाग चिकट झाला तर ते लाखेचंच पॉलिश, आणि तुमचं निम्मं काम वाचलं. स्पिरिटात भिजवलेली चिंधी पाच मिनिटं पसरून ठेवायची आणि मऊ झालेला थर पत्रीने खरवडायचा. आमच्या डेस्कवरचं माझंच चिकट पाप मी असं काढलं. काही झालं नाही तर वर वार्निश, पॉलियुरेथेन किंवा रंग असणार. तो वेगळा उपद्व्याप.

मग घासपेपर. 120, मग 180, मग 220. नेहमी लाकडाच्या रेषांच्या दिशेने, आडवा कधीच नाही. आडवी ओरखड आत्ता दिसत नाही, पॉलिश चढलं की आरशातल्या सुरकुतीसारखी समोर येते. 220च्या पुढे जायची गरज नाही. घासून झाल्यावर स्पिरिटात ओलसर केलेल्या फडक्याने पुसून घ्या. भुकटी जाते, सागाचा वरचा तेलकटपणा कमी होतो, आणि लाकूड ओलं असताना राहिलेल्या ओरखडी दिसतात. पॉलिश झाल्यावर रंग साधारण कसा येईल याचीही कल्पना येते.

सागाला छिद्रं मोठी असतात. आरशासारखा सपाट पृष्ठभाग हवा असेल तर ती भरावी लागतात. जुने पॉलिशवाले खडूच्या भुकटीत पिवडी आणि चिमूटभर गेरू कालवतात, त्यात थोडं लाखेचं मिश्रण घालून खळ करतात आणि तागाच्या फडक्याने रेषांना आडवं चोळतात. रंग न घालता नुसता खडू भरला तर वर्षभराने छिद्रांत पांढरे ठिपके दिसू लागतात. खरं सांगायचं तर जुन्या सागाची छिद्रं भरूच नयेत असं माझं मत. हात फिरवला की लाकूड लाकडासारखं लागायला हवं. काचेसारखं हवं असेल तर वर काच टाकता येते.

हात देणं

पहिले दोन हात ब्रशने, पातळ मिश्रणाचे. मऊ केसांचा दीड-दोन इंची ब्रश घ्या. बुडवा, बरणीच्या कडेला अलगद निथळू द्या. सुरुवात कडेवरून करू नका, कडेपासून दोन-तीन इंच आत ब्रश टेकवा आणि बाहेर ओढा, मग तिथूनच उलट दिशेने दुसऱ्या टोकापर्यंत न थांबता जा. कडेवर ब्रश आपटला की ओघळ आलाच. पुढचा पट्टा आधीच्या पट्ट्यावर थोडासा चढवा.

आता सगळ्यात अवघड गोष्ट: मागे वळू नका. एखादी जागा सुटली, केस चिकटला, डाग दिसला, तरी ब्रश परत फिरवायचा नाही. स्पिरिट काही सेकंदांत उडू लागतं, थर अर्धवट घट्ट होतो, आणि त्यावर ब्रश गेला की नांगरटीसारखे वळ पडतात. सुटलेली जागा पुढच्या हातात भरून निघते. लाखेचा प्रत्येक नवा हात खालच्या हाताला किंचित विरघळवतो आणि त्यात मिसळून जातो. थरांत पापुद्रे राहत नाहीत. वार्निशला हे जमत नाही, आणि मला लाख आवडते ती याचसाठी.

पहिल्या हातानंतर तासभर थांबा. लाकडाचे तंतू उभे राहिलेले असतील, हाताला खरखर लागेल. 320च्या घासपेपरने अगदी हलक्या हाताने घासा. पांढरी भुकटी निघाली तर थर वाळलाय. कागदाला चिकट गोळ्या लागल्या तर अजून थांबा. भुकटी पुसा, दुसरा हात द्या आणि रात्रभर सोडा.

दुसऱ्या दिवसापासून पुरचुंडी. पॉलिशवाल्यांची खरी कला या पुरचुंडीत असते. आत कापसाचा किंवा जुन्या लोकरी मोज्याचा गोळा, वर अनेकदा धुतलेल्या मलमलीचं किंवा जुन्या धोतराचं कापड, कारण नव्या कापडाचे तंतू सुटतात. कापड गोळ्यावर घट्ट ओढून मागे पिळायचं, तळ सपाट आणि बिनसुरकुतीचा राहिला पाहिजे. मिश्रण तळावर लावायचं नाही. वरचं कापड उघडून आतल्या गोळ्यावर चमचाभर ओतायचं, पुन्हा बांधायचं आणि जाड कागदावर दाबून बघायचं. ओला डाग उमटला पाहिजे, थेंब ओघळता कामा नये.

पुरचुंडी लाकडावर उतरवायची ती चालत्या हातानेच, आणि उचलायची तीही चालत्या हातानेच. थांबलात की तिथे खालचा थर विरघळून कापडाची वीण उमटते. सरळ पट्टे मारत एकदा पूर्ण पृष्ठभागावरून जा. पाच-दहा मिनिटं थांबा, पुन्हा एकदा. असे चार-पाच फेरे झाले की अर्धा-पाऊण तास विश्रांती. हात सरावला की छोटी वर्तुळं, मग इंग्रजी आठ, आणि शेवटी पुन्हा सरळ पट्टे. कापड अडखळायला लागलं तर तळाला कच्च्या जवसाच्या तेलाचा एक थेंब लावा. एकच. तेल सरकायला मदत करतं, पण वाजवीपेक्षा जास्त गेलं तर थराखाली अडकतं आणि काही दिवसांनी धुरकट दिसतं. तेल वापरलं असेल तर शेवटच्या दिवशी पुरचुंडीत फक्त चार-सहा थेंब स्पिरिट घेऊन, जवळजवळ कोरड्या तळाने झपाझप सरळ पट्टे मारायचे. तेल वर ओढलं जातं आणि मागे स्वच्छ चकाकी राहते. मिरजेच्या सतारी-तानपुऱ्यांना लाखेचं पॉलिश चढतं तेही पातळ थरांवर थर देतच. चन्नपट्टणच्या लाकडी खेळण्यांवरची लाख वेगळी. तिथे लाखेची रंगीत कांडी लेथवर फिरत्या लाकडाला टेकवतात, घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून बसते. स्पिरिटाचा त्यात संबंध नाही.

दोन फेऱ्यांच्या मधे पुरचुंडी झाकणाच्या बरणीत ठेवा, तळाशी चार थेंब स्पिरिट. उघडी ठेवली तर तासात दगड होते.

तीन दिवस सकाळ-संध्याकाळ एकेक बैठक पुरे. जाड मिश्रण घेऊन हेच काम दोन हातांत उरकण्याचा मोह प्रत्येकाला होतो. जाड थर वरून वाळतो, आतून ओला राहतो, मग आकसतो आणि मगरीच्या पाठीसारख्या भेगा पडतात.

हवा बघून काम

श्रावणात कोकणात किंवा मुंबईत लाखेचं काम काढू नये. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार पडतो, दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं, आणि थरात पांढुरकं धुकं अडकतं. दिवाळीनंतर शिमग्यापर्यंतचे दिवस सगळ्यांत चांगले. पावसाळ्यात करणं भागच असेल तर एसी लावलेली खोली शोधा, एसीने हवा कोरडी होते. फक्त बैठक संपल्यावर खोली वाफ जाईपर्यंत उघडी ठेवा. विदर्भातल्या मे महिन्यात उलटी अडचण येते. ब्रश टेकतो न टेकतो तोवर मिश्रण वाळतं. तिथे पहाटे काम करा.

पांढुरकं धुकं आलंच तर घाबरू नका. हवा कोरडी झाल्यावर पुरचुंडीला नुसता स्पिरिटचा ओलावा देऊन एकदा अलगद फिरवा. वरचा थर किंचित विरघळतो, अडकलेलं पाणी निघून जातं, पुन्हा पारदर्शक होतो. वळ, ओघळ, बोटाचे ठसे यांना उपाय एकच: पूर्ण वाळू द्या, 400च्या पेपरने सपाट करा, पुढचा हात द्या. ओल्यावर दुरुस्ती करायला गेलात की एका वळाचे चार होतात.

शेवट आणि चिंध्या

शेवटच्या हातानंतर आठवडाभर वस्तूवर काही ठेवू नका. मग हवी तर जास्त चकाकी तशीच राहू द्या. मला डेस्कवर मंद झळाळी आवडते, म्हणून सगळ्यांत बारीक पोलादी लोकर (चार शून्यांची) मधमाशीच्या मेणात बुडवून रेषांच्या दिशेने घासतो आणि अर्ध्या तासाने सुती फडक्याने पुसून काढतो.

जवसाच्या तेलाला स्पर्श झालेल्या चिंध्या आणि पुरचुंड्या चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं, गोळा केलेल्या चिंध्यांत ती साचते आणि कोणी काडी न लावता चिंधी पेट घेते. पाण्यात बुडवा किंवा अंगणात दोरीवर सुट्या पसरवा. ब्रश स्पिरिटमध्ये दोनदा धुवा. वाळून कडक झाला तरी फेकू नका, स्पिरिटात ठेवला की पुन्हा मऊ होतो.

हे पॉलिश कुठे लावू नये तेही सांगायला हवं. जेवणाचं टेबल, स्वयंपाकघरातला ओटा, न्हाणीघराचा दरवाजा, खिडकीची बाहेरची चौकट: नाही. गरम भांड्याने लाख मऊ होते, दारू किंवा अत्तर सांडलं तर विरघळते, सोडा, साबण, अमोनियाचा काचपुसणी द्रव लागला तर निस्तेज होते. पेट्या, फडताळं, पाळणे, आरामखुर्च्या, वाद्यं, चित्रांच्या चौकटी यांना उत्तम. औषधाच्या गोळ्यांवर आणि मिठाईच्या चकाकीसाठीही शुद्ध लाख वापरतात. त्यामुळे पाळण्यावरचा थर पूर्ण वाळून स्पिरिटचा वास गेल्यावर बाळ कठडा चावेल ही काळजी बरीच कमी होते, मात्र त्यासाठी भेसळ नसलेली चपडी घेतलेली असली पाहिजे. देव्हाऱ्याला लावायचं तर निरंजन ठेवायच्या जागी पितळी ताटली असू द्या.

आमच्या डेस्कवर गेल्या वर्षी पाहुण्यांनी चहाचा कप ठेवला. वाटोळा पांढरा डाग पडला. दोन दिवस वाट पाहिली, थोडा फिकट झाला, गेला नाही. मग पुरचुंडीत चार थेंब स्पिरिट घेऊन डागावरून तीनदा सरळ हात फिरवला, अर्ध्या तासाने पातळ मिश्रणाचे दोन फेरे दिले, दुसऱ्या दिवशी मेण लावलं. एकूण हाताचं काम वीस मिनिटांचं. पाहुणे परवा पुन्हा येऊन गेले, कप त्यांनी तिथेच ठेवला.